खालच्या श्रेणीतील शनिवार: धरमपेठेतील एका कॅफेविषयी

साउदॅम्प्टनचा फुटबॉल संघ 2025 मध्ये तब्बल सात सामने शिल्लक असतानाच प्रीमियर लीग या इंग्लंडमधील अव्वल श्रेणीतून बाहेर पडला, तेव्हा त्याखालच्या चॅम्पियनशिप श्रेणीचा 46 सामन्यांचा लांबलचक हंगाम नागपुरात चारचौघांत बसून पाहता येईल, ही आशा मी सोडली होती; या छोट्या कॅफेने ती परत मिळवून दिली. शेजारच्या पोर्ट्समथशी 2012 नंतर प्रथमच झालेली लीगमधील लढत गोलशून्य बरोबरीत सुटली, तरी दोन बंदरांमधील जुने वैर इथल्या दोन टेबलांमध्येही जाणवत होते. तर्रीपोहे झणझणीत आहेत, दरही वाजवी आहेत. मात्र प्रीमियर लीगचा सामना सुरू झाला की मोठा पडदा त्याला मिळतो आणि आमच्या वाट्याला कोपऱ्यातील मुका टीव्ही येतो. पडदा गेला तर गेला, निदान आवाज तरी ठेवावा.