शाळेसाठी कुठल्या निधीच्या मागे लागायचं? पीएम श्री, माझी शाळा सुंदर शाळा की संयुक्त अनुदान

जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक बसली की इतिवृत्तात आधीच्या सभेचं वाचन होतं आणि लगेच गाडी पैशावर येते. शेजारच्या गावच्या शाळेला ‘पन्नास लाख’ आल्याची खबर कुणीतरी आणलेली असते. मग मुख्याध्यापकांकडे बघून विचारलं जातं, ‘गुरुजी, आपल्याला का नाही?’ ते पन्नास लाख कुठल्या योजनेतले, एका वर्षाचे की पाच वर्षांचे, खरंच खात्यात आले की नुसते मंजूर झाले, हे विचारत कुणी नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे ठळक अशा तीन वाटा आहेत: केंद्राची पीएम श्री, राज्याचं मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा अभियान, आणि समग्र शिक्षा अभियान या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून दरवर्षी येणारं संयुक्त शाळा अनुदान, ज्याला गावाच्या लोकसहभागाची जोड देता येते. शाळा सुधारेल आणि मुलांचा दर्जा वाढेल, हे तिघांचंही म्हणणं. माझ्या मते निवड करताना रकमेकडे शेवटी बघावं. आधी बघावं ते हे, की पैसा कामाच्या आधी हातात पडतो की नंतर, आणि तो मिळवायला शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर राहणार.

पीएम श्री: मोठी रक्कम, अरुंद दार

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. देशभरात १४,५०० हून जास्त शाळा, पाच वर्षांचा एकूण खर्च २७,३६० कोटी रुपये, मुदत २०२६-२७ पर्यंत. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८४६ शाळांचा निर्णय घेतला आणि दर शाळेमागे पाच वर्षांसाठी १ कोटी ८८ लाखांची तरतूद सांगितली. ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. म्हणजे सरासरीने वर्षाला साडेसदतीस लाख.

एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोन शाळा, एक प्राथमिक गटातली आणि एक माध्यमिक. पक्की इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, वीज, ग्रंथालय असं सगळं यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आधीच दिसायला हवं. त्यावर ऑनलाइन अर्ज, प्रत्यक्ष पडताळणी, आणि ग्रामीण शाळेला किमान ६० टक्के, शहरी शाळेला ७० टक्के गुण. गळकं छप्पर आणि मोडका नळ घेऊन या दाराशी गेलात तर आत घेत नाहीत. ज्या शाळा बऱ्या आहेत त्यांना उत्तम करायचं आणि आजूबाजूच्या शाळांनी त्यांच्याकडे बघून शिकायचं, अशी ही रचना आहे. ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेसाठी ती नाही, हे समितीला स्पष्ट सांगून टाकावं. शिवाय निवडीचं पोर्टल पहिली दोन वर्षं दर तिमाहीला उघडायचं, असं योजनेतच ठरलं होतं. तुमचं नाव यादीत नसेल तर आता त्यावर बैठका घालवू नका.

नाव यादीत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. पैसे घटकवार येतात: स्मार्ट वर्ग, संगणक कक्ष, सौर ऊर्जा, परसबाग, व्यवसाय शिक्षण. योजनेत ४० टक्के निधीचा निर्णय मुख्याध्यापक आणि समितीने घ्यावा असं म्हटलंय, आणि खरी संधी तिथेच आहे. बाकीचा घटक वरून ठरून येतो. आपल्याकडे संगणक ठेवायला कोरडी खोली नसली तरी संगणक येतात.

या पैशाला शर्तही आहे. शाळेच्या नावाआधी ‘पीएम श्री’ लागतं आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० त्या शाळेत राबवायचं असतं. तमिळनाडूने या योजनेच्या करारावर सही केली नाही, आणि त्यावरून समग्र शिक्षेचे त्यांचे २,१५२ कोटी रुपये अडल्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे राज्याने सही केलेली असल्यामुळे शाळेला तो पेच नाही. तरी कुठलंही अनुदान नुसतं येत नाही, मागे काहीतरी बांधून येतं, हे यातून कळावं.

माझी शाळा सुंदर शाळा: काम आधी, पैसा नंतर, तोही जिंकलात तर

याला लोक अनुदान म्हणतात, पण हे बक्षीस आहे. पहिला टप्पा १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४, दुसरा ५ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२४. त्यांत तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ३ लाख, जिल्ह्यात पहिलीला ११ लाख, राज्यात पहिलीला ५१ लाख. शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांचा एक गट, खासगी व्यवस्थापनांचा दुसरा.

गावात समज असा की हे अभियान म्हणजे रंगरंगोटी. भिंतीवर बोलका नकाशा, खांबावर पाढे, फाटकावर कमान. दुसऱ्या टप्प्याची गुणविभागणी बघा. एकूण १५० पैकी पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. म्हणजे अख्खी शाळा रंगवून काढली तरी हातात फार तर पाचवा हिस्सा. निम्मे गुण ज्या ७४ मध्ये आहेत, त्यात प्रत्येक उपक्रमाचा पुरावा लागतो: फोटो, इतिवृत्त, नोंदवही, अपलोड. महिनाभर एक शिक्षक मोबाइलवर फोटो काढण्यात आणि रेंज शोधण्यात गुंतला, तर त्याचा वर्ग कुणी घ्यायचा?

महिना-दीड महिन्यात शाळा सुधारत नसते. ज्यांनी तीन-चार वर्षं नेटाने काम केलेलं असतं त्यांचा नंबर लागतो, आणि लागायलाच हवा. तालुक्यात शे-दीडशे शाळा आणि गटात बक्षिसं तीन, हा हिशोब समितीसमोर मांडावा. गावाकडून वर्गणी काढून, उधारीवर रंग आणून, ‘बक्षीस आलं की फेडू’ असं म्हणणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तसं करू नये. जे काम अभियान नसतं तरी केलंच असतं, तेवढंच या निमित्ताने करावं आणि त्याची कागदपत्रं नीट लावावीत. मग बक्षीस आलं तर आलं.

खासगी अनुदानित शाळेचा मामला मात्र निराळा. पीएम श्री त्यांना बंद, कारण ती केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्थांच्या शाळांसाठीच आहे. संयुक्त अनुदानही सरकारी शाळांनाच. या तिघांतलं त्यांच्या वाट्याला फक्त हे अभियान येतं. तेव्हा पुढचा टप्पा निघाला तर त्यांनी भाग घ्यावा, आणि वेतनेतर अनुदानाचा, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठीच्या अनुदानाचा, पाठपुरावा सोडू नये.

संयुक्त शाळा अनुदान: छोटं, पण दरवर्षीचं

यावर कुणी बातमी करत नाही. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. तीसचा पट एकतीस झाला की पंधरा हजारांचा फरक पडतो, म्हणून यू-डायस भरताना पटाची नोंद स्वतः तपासावी. ऑपरेटरवर सोडू नये.

समजा पट ६२ आहे. पंचवीस हजारांतले अडीच हजार स्वच्छतेला गेले. वीजबिल महिन्याला हजाराच्या घरात धरलं तर बारा हजार तिथेच संपले. उरले साधारण दहा हजार, त्यात खडू-फळा, झेरॉक्स, नळाची दुरुस्ती, कुलूप, पावसाळ्यात उडालेला पत्रा. शाळा सुधारणा यात कुठे बसते, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. त्यातून पैसे अनेक ठिकाणी वर्ष सरताना येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. मग तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, समितीचा ठराव, जडवस्तू नोंदवहीत नोंद, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं आठवड्यात. तिन्ही दरपत्रकांवरचं अक्षर एकाच हाताचं कसं, असं मग ऑडिटवाला विचारतो. म्हणून खरेदीची यादी आणि दर ऑक्टोबरातच ठरवून ठेवावेत.

तरीही लहान शाळेने याच वाटेवर सगळ्यात जास्त डोकं लावावं, असं माझं मत आहे. कारण तो पैसा स्पर्धेत जिंकावा लागत नाही आणि त्यासाठी वर्ग सोडावा लागत नाही. सोबत समग्र शिक्षेतूनच प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५,००० आणि खेळासाठी ५,००० अशी तरतूद आहे. त्याला गावाची जोड मिळाली तर चित्र बदलतं. वीजबिल ग्रामपंचायतीने उचलावं, एवढाच ठराव ग्रामसभेत करून घेतला तरी वर उरलेले दहा हजार बावीस हजार होतात. लाखांच्या मागे धावण्याआधी हे एक काम करून बघा.

लोकसहभागाचं टोकाचं उदाहरण पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं. जिल्हा परिषदेची शाळा गावाच्या आणि दात्यांच्या बळावर कुठल्या कुठे गेली, आणि पुढे त्याच निधीवरून चौकशीही लागली. तेव्हा शंभर रुपये आले तरी पावती फाडा, कीर्दीत लिहा आणि समितीत वाचून दाखवा.

मुलांच्या वाचनावर कशाचा परिणाम होतो?

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात, असं लक्ष्य ठेवलंय. तुमच्या शाळेत किती मुलं तिथवर पोचली, हे नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांच्या गुणांवरून समजतं. या चाचण्या आपल्याकडे स्टार्स या शालेय शिक्षण सुधारणेच्या प्रकल्पातून आल्या. त्यात जागतिक बँकेचा पैसा राज्याला निकाल दाखवल्यावर मिळायचा. शाळेच्या खात्यात त्यातलं काही दिसलं नसलं तरी गुणांचे तक्ते तुमच्या कपाटात आहेत. निधीची मागणी करण्याआधी ते काढा. तिसरीत दहा मुलं जोडाक्षरांवर अडखळत असतील, तर त्यांना रोज हातात धरता येतील अशी पातळ, मोठ्या अक्षरांची गोष्टीची पुस्तकं लागतात आणि रोजचा अर्धा तास लागतो. ग्रंथालयाच्या पाच हजारांत अशी भरपूर पुस्तकं येतात, फक्त ती मुलांना पुढे घेऊन निवडावीत. जाडजूड चरित्रमालांचे गठ्ठे कपाटाची शोभा वाढवतात.

पीएम श्रीच्या स्मार्ट वर्गातल्या परस्परसंवादी फळ्याने सातवीच्या विज्ञानात मजा येते, हे मान्य. न वाचणारं मूल मात्र तो वाचायला लावत नाही. त्यामुळे पहिली ते चौथीच्या शाळेला पीएम श्री नाही मिळाली याचं फार वाईट वाटून घेऊ नये. आठवीपर्यंत किंवा बारावीपर्यंतची शाळा, विषयवार शिक्षक, कागद सांभाळायला लिपिक असं असेल तर पीएम श्रीचा पैसा कामी येतो, प्रयोगशाळा आणि व्यवसाय शिक्षणात तर नक्कीच.

आणि यादीत असलेल्या शाळांसाठी एक सूचना. २०२६-२७ नंतर त्या फळ्याची, सौर पॅनलच्या बॅटरीची आणि संगणकांची देखभाल कुणाच्या खिशातून होणार, हे आत्ताच गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. पुरवठादाराचा देखभाल करार किती वर्षांचा आहे, तेही बघून त्याची प्रत शाळेच्या फाइलला लावा.