4 इंची सक्शन सेट, हिंगणा एमआयडीसी: पंपापेक्षा रिंगच कामाची निघाली
हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून 4 इंची जेट सक्शनचा सेट (पाण्याच्या जोरानं नदीतले गोटे होसमधून ओढून काढायचा) बनवून घेतला होता, दोन उन्हाळे वापरला म्हणून आता लिहून राह्यलो. आधीच सांगतो, रेतीचा धंदा नाही आपला, तहसीलवाले पंपासकट उचलून नेतील बाप्पा. कन्हानच्या काठावर वावर आहे, पाणी उचलायची परवानगी आहे, पण दर पावसाळ्यात पुरानं फुटव्हॉल्व्हचा (पाणी उचलायच्या पाइपाच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह) खड्डा गोट्यांनी बुजते, तो मोकळा करून गोटे तिथंच नदीत बाजूला टाकायचे, एवढंच काम.

सेटमध्ये पंप फक्त साफ पाणी जेटमधून मारते अन् त्या ओढीनं गोटे होसमध्ये येतात, पंपाच्या पंख्यातून दगड जातच नाही. हे भारी आहे. पण पहिल्या दिवशी दर दहा मिनिटाला जाम! वैतागून फोन लावला तर म्हणे, "भाऊ, तोंडाला रिंग लावली का? थैलीत दिली होती ना." मी ते वॉशर समजून घरी ठेवून आलो होतो 😅 3 इंची लोखंडी रिंग आहे, नोझलच्या तोंडावर कसायची, मग जो मोठा गोटा होसमध्ये जाऊन फसला असता तो बाहेरच अडते, हातानं काढला अन् फेकला. निम्मं टेन्शन तिथंच संपलं.

उरलेलं निम्मं म्हणजे चिपा. चपटा दगड उभा होऊन रिंगमधून बरोबर घुसते अन् आत आडवा होते, मागून दोन-तीन गोटे येऊन टेकले की झालं काम. ते आधीच हातानं वेचा, त्याले रिंगचा उपाय नाही. अन् नोझल रेतीत खुपसू नका, आमचा सालदार तेच करून राह्यला होता, जरा तिरपं धरलं की गोट्यांसोबत पाणीही आत जाते अन् सगळं वाहत राह्यते.

एक स्टार कापला तो एल्बोचा. जेटच्या आधी यांनी काटकोनी एल्बो (पाइपाचं वळण) बसवून दिला, जाम झाला की तिथंच, दुसरीकडं नाहीच. परत नेला तर लांब वळणाचा बेंड लावून दिला पण 600 रुपये घेतले, चूक तुमची अन् पैसे माझे, काहून?

होस मात्र पैसा वसूल, आतून गुळगुळीत अन् आरपार दिसते, दगड कुठं बसला ते कळते, तिथं रबरी हातोडीनं ठोकायचं. नाहीच हलला तर माल जिथून बाहेर पडते त्या तोंडावर फळी दाबून धरा, जेटचं पाणी उलटं होसमध्ये वळते अन् गोटा आला तसा परत जाते. ओढ कमी वाटली पण होस मोकळा दिसते, तर पंपाचा स्ट्रेनर (पाणी ओढायच्या तोंडावरची जाळी) पाहा, आमच्याकडं पळसाची पानं जाऊन चिकटतात, मी आता त्याले जुन्या टोपलीतच ठेवतो.