सीडीतली गाणी प्लेअरवर: एमपीथ्री की फ्लॅक?

सीडीवरच्या एका सेकंदाच्या आवाजाला साधारण १४११ किलोबिट लागतात, म्हणजे तासाभराच्या मैफलीला ६३५ एमबी. सेकंदाला ३२० किलोबिटची एमपीथ्री केली (म्हणजे आवाजातलं थोडं गाळून फाइल लहान केली) की तीच मैफल १४४ एमबीत बसते. फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या फाइलला बहुतेक वेळा याच्या दुप्पट-अडीचपट जागा लागते, पण त्यात आवाजातलं काहीही गळत नाही. फाइल उलगडली की सीडीवरचा डेटा जसाच्या तसा परत मिळतो.

एसटीत, खिडकीच्या खडखडाटात, स्वस्त इअरफोनवर मला तरी यातला फरक ओळखता येत नाही. खटकतं ते वेगळ्याच ठिकाणी. ख्यालाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्यावर असतं, मध्ये तानपुरा अखंड चालू. एमपीथ्रीत फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता चिकटते. प्लेअरने ती सांभाळून घेतली नाही तर नेमका समेच्या तोंडावर तानपुरा तुटतो, आणि रसभंग होतो तो होतोच. फ्लॅकमध्ये ही मूळची भानगड नाही, प्लेअर मात्र धड हवा.

जुन्या आयपॉडवर फ्लॅक वाजतच नाही, तिथे अ‍ॅपलचं एएलएसी वापरावं. गुण तेच.

मी घरच्या हार्ड डिस्कवर फ्लॅक ठेवतो आणि प्लेअरपुरती त्यावरून एमपीथ्री काढतो. उलटं करून उपयोग नाही, एकदा गाळलेलं परत येत नाही. आणि शंभरेक सीड्या पुन्हा पुसून ड्राइव्हमध्ये घालायला कोण बसणार?