चेंबरचं सभासदत्व: दीड वर्ष वापरल्यानंतर

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका चेंबर ऑफ कॉमर्सचं सभासदत्व दीड वर्ष वापरून झालं. युनिट एमआयडीसीतलं, छोटं. निम्मा माल देशात जातो, निम्मा आखाती देशांत. चेंबरचं नाव इथे देत नाही, कारण राज्यातल्या बहुतेक जिल्हा चेंबरांची घडण थोड्याफार फरकाने सारखीच आहे. आधी मुद्द्याचं: चेंबर ऑर्डर मिळवून देत नाही. ते कागद मिळवून देतं आणि सरकारी टेबलासमोर खुर्ची मिळवून देतं. ऑर्डरच्या आशेने वर्गणी भरणारा सहा महिन्यांत वैतागतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये नूतनीकरण करत नाही.

सभासद होण्याच्या अर्जाला उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, पॅन, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि सूचक-अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या लागल्या. मंजुरी कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मिळते, त्यामुळे महिना सहज जातो. एलसीची (ग्राहकाच्या बँकेने पैशांची दिलेली हमी) मुदत संपत आली असताना अर्ज करून उपयोग नसतो. फॉर्मवर जीएसटीआयएन न चुकता लिहा. वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लागतो (सेवा संकेतांक ९९९५११). क्रमांक नसेल तर ते बिल तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणात) दिसत नाही आणि क्रेडिट हातचं जातं. दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: प्रतिनिधी म्हणून मालकाचा मोबाइल देतात. मग परिपत्रकं मालकाच्या फोनवर पडून राहतात आणि ज्याला ती हवीत त्या अकाउंट्सच्या किंवा डिस्पॅचच्या माणसापर्यंत पोचतच नाहीत. दुसरा संपर्क म्हणून त्याचाच नंबर द्यावा.

सर्वांत जास्त वापर झाला तो सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनसाठी (सीओओ, म्हणजे माल कोणत्या देशातला याचा दाखला). यात मोठा गैरसमज आहे. चेंबर देतं ते नॉन-प्रेफरेन्शियल सर्टिफिकेट. माल भारतातला आहे एवढंच ते सांगतं; ग्राहकाला त्यावर ड्यूटीत सवलत मिळत नाही. यूएईचा ग्राहक सवलत मागत असेल तर सेपा या भारत-यूएई व्यापार कराराखालचं प्रेफरेन्शियल सर्टिफिकेट लागतं. तो करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि त्याचं सर्टिफिकेट एक्सपोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीसारख्या अधिकृत यंत्रणेकडून घ्यावं लागतं. चुकीचं सर्टिफिकेट घेऊन माल निघाला की ग्राहक ड्यूटी भरतो आणि तेवढी रक्कम पुढच्या बिलातून कापून घेतो.

नॉन-प्रेफरेन्शियलचा अर्जही १ जानेवारी २०२५ पासून डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ईसीओओ २.० या ऑनलाइन प्रणालीतूनच करावा लागतो. आयईसीने (आयात-निर्यात क्रमांकाने) लॉगिन, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उत्पादकाचं घोषणापत्र, मग डिजिटल सिग्नेचर किंवा आधारची ई-साइन. एका आयईसीखाली एकाहून जास्त वापरकर्ते जोडता येतात, त्यामुळे मालकाच्या डिजिटल सहीचा टोकन घेऊन फिरायची गरज उरली नाही. पण अर्ज ऑनलाइन गेल्यामुळे एक प्रश्न उभा राहतो: परराष्ट्र व्यापार धोरणाच्या परिशिष्ट २ई मध्ये नाव असलेली कोणतीही संस्था निवडता येत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातलं चेंबर कशाला? पहिली गोष्ट, आपलं चेंबर त्या यादीत आहे का हे वर्गणी भरण्याआधी बघा, सगळी नसतात. असेल, तर फायदा आहे तो तिथल्या अनुभवी कर्मचाऱ्याचा. अर्ज सादर करण्याआधी मसुदा त्याच्याकडे पाठवला की तो चुका सांगतो, आणि सादर झाल्यावर तेवढंच शुल्क भरून दुरुस्तीची वेळ येत नाही.

चुका ठरलेल्या असतात. आयईसीवर 'इंडस्ट्रीज' आणि इन्व्हॉइसवर 'इंड.' असं नाव. शिपिंग बिलावर (कस्टम्सच्या निर्यात कागदावर) आठ आकडी एचएस कोड, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, आणि सर्टिफिकेटवर वेगळ्या शीर्षकाचा सहा आकडी. सर्वांत जास्त घोळ वजनाचा: अर्ज करताना पॅकिंग लिस्ट कच्ची असते, कंटेनर भरताना दोन पेट्या मागे राहतात, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर) वेगळं ग्रॉस वजन येतं आणि बँक ती विसंगती धरून कागद परत पाठवते. बँकेला प्रत्येक कागदावर शब्दनशब्द सारखाच लागतो असं नाही, पण एका कागदाने दुसऱ्याला खोटं पाडलेलं चालत नाही. म्हणून कंटेनर भरून पॅकिंग लिस्ट पक्की झाल्यावरच अर्ज करावा. एलसीत वेगळी मुदत दिली नसेल तर माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यावे लागतात. एवढ्यात हे बसतं, फक्त शेवटचा आठवडा उजाडण्याची वाट बघू नये. एलसीत 'सर्टिफाइड बाय चेंबर ऑफ कॉमर्स' असे शब्द असतील तर तेही मसुद्याबरोबर कळवावं.

काही ग्राहक इन्व्हॉइसवरही चेंबरचा शिक्का आणि त्यानंतर मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचं साक्षांकन मागतात. इथे एक बारीक अडचण आहे. दूतावासाकडे चेंबरच्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना नोंदलेला असतो. चेंबरची निवडणूक झाली, सही करणारा बदलला आणि नवा नमुना पाठवायचा राहिला, तर तुमचा कागद काउंटरवरूनच परत येतो. निवडणुकीच्या महिन्यात शिपमेंट असेल तर फोन करून एवढं विचारून घ्या.

थकीत बिलांच्या बाबतीत चेंबरकडून जे मिळालं त्याने वर्गणी फिटली, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीने. एमएसएमई कायदा २००६ नुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात. ५ लाखांचं बिल सहा महिने रखडलं तर सुमारे ४२,७०० रुपये. हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात, तरी नोटीस कोणी पाठवत नाही, कारण ग्राहक तुटेल ही भीती. चेंबर इथे मधला दरवाजा उघडतं: पहिलं पत्र त्यांच्या लेटरहेडवर, सौम्य भाषेत. खरेदीदाराचा अकाउंट्स विभाग त्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्यात आयकरात २०२३-२४ पासून आलेल्या तरतुदीची (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३ बी (एच)) आठवण करून दिली की, म्हणजे मुदतीत न चुकवलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही हे सांगितलं की, मार्चमध्ये बरीच बिलं चुकती होतात. ही तरतूद मध्यम उद्योगांच्या थकबाकीला लागू नाही, हे पत्र लिहिताना विसरू नये.

पत्राने काम झालं नाही तर थकीत बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज आणि मग सुविधा परिषद, म्हणजे असे वाद निकाली काढणारी सरकारी यंत्रणा. चेंबरचा माणूस कागद लावून देतो, पण तिथे अडकतं ते तुमच्याच फाइलमध्ये. पुरवठ्याच्या तारखेआधीचं उद्यम प्रमाणपत्र हवं. माल स्वीकारल्याची तारीख सिद्ध करणारी जीआरएन (माल मिळाल्याची ग्राहकाची नोंद) किंवा शिक्का मारलेलं चलान हवं, कारण दिवस तिथून मोजतात. 'माल खराब होता' असं ग्राहक आता म्हणत असेल, तर ती हरकत त्याने १५ दिवसांत लेखी कळवली होती का, हे दाखवता आलं पाहिजे. निकाल लागल्यावर ग्राहकाला कोर्टात जायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, एवढी ताकद त्या निकालात आहे. मात्र निव्वळ व्यापाऱ्यांना यातलं काही मिळत नाही. २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. चेंबरचे निम्मे सभासद व्यापारी, तरी सभासद करून घेताना हा फरक सांगितला जात नाही. ही तक्रार रास्त आहे.

आता खुर्चीबद्दल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते. महावितरण, एमआयडीसी, महापालिका, पोलीस सगळे एका खोलीत असतात. एकट्या युनिटचं पत्र टपालात जातं, चेंबरचा विषय कार्यसूचीवर जातो. पण 'वीज वारंवार जाते' असा विषय दिला तर 'दक्षता घेतली जाईल' असं उत्तर मिळतं आणि ते इतिवृत्तात कायम राहतं. ११ केव्ही फीडरचं (वीजवाहिनीचं) नाव, तीन महिन्यांतल्या ट्रिपिंगच्या तारखा, वेळा आणि प्रत्येक वेळी गेलेली मिनिटं असा तक्ता दिला, की कार्यकारी अभियंत्याला झाडछाटणी कधी, इन्सुलेटर कधी, याच्या तारखा सांगाव्या लागतात. असे तक्ते सभासदांनी भरून द्यायचे असतात. आमच्या चेंबरने छापील नमुना दिला होता. तो भरून देणारे फार थोडे.

विजेवरूनच निघालं म्हणून: चेंबरने ठेवलेल्या ऊर्जा सल्लागाराची अर्ध्या दिवसाची बैठक जाहिरातीशिवाय झाली आणि तीच सर्वांत उपयोगाची ठरली. एप्रिल २०२० पासून एचटी (उच्चदाब) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे फक्त कामाला आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर निघतं. पॉवर फॅक्टर (त्यातला कामाला आलेला वाटा) ०.९० असेल तर वापरलेल्या १,००० युनिटचे १,१११ मोजले जातात, ०.९९ असेल तर १,०१०. हा फॅक्टर सुधारायला बसवलेले जुने फिक्स कपॅसिटर रात्री लोड नसताना तसेच चालू राहिले की फॅक्टर उलट्या बाजूला (लीडिंगकडे) जातो आणि बिल उलट वाढतं. बारा महिन्यांची बिलं आणि लोड रिपोर्ट घेऊन गेलं तर एपीएफसी (कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं) पॅनेल बसवायचं की फक्त टप्पे बदलायचे, हे तिथल्या तिथे ठरतं.

सामूहिक दबावाचं जुनं उदाहरण म्हणजे एलबीटी, महापालिकांचा स्थानिक संस्था कर. २०१३ मध्ये राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीवरचा तो कर गेला. चेंबर मुळात जन्माला आलं तेच असल्या भांडणासाठी. बॉम्बे चेंबर १८३६ चं, गोव्याचं १९०८ चं, वालचंद हिराचंद यांनी उभं केलेलं महाराष्ट्र चेंबर १९२७ चं, पुण्याचं मराठा चेंबर १९३४ चं. आजच्या बिझनेस मीटमध्ये व्हिजिटिंग कार्डांची देवघेव बघताना हे आठवतं खरं.

प्रदर्शन एकदा घेतलं. नऊ चौरस मीटरचा स्टॉल, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, एक ५ अँपिअरचा पॉइंट. मशीन चालवून दाखवायचं तर थ्री-फेज वेगळा मागावा लागतो आणि तो आधी न मागणाऱ्याचं मशीन तीन दिवस शोभेला उभं राहतं. प्रशिक्षणात जीएसटीच्या आयएमएसवरचं (पुरवठादारांची बिलं पोर्टलवर स्वीकारण्या-नाकारण्याच्या सोयीवरचं) सत्र चांगलं होतं, कारण अधिकारी स्लाइड बाजूला ठेवून प्रश्न घेत होते. बाकी सत्रं यूट्यूबवर मिळतात तशीच. व्हिसासाठी शिफारसपत्र दोन दिवसांत मिळालं, हॉल सवलतीत मिळतो, विम्याची गटयोजना आम्ही घेतली नाही.

सर्वांत वाईट भाग व्हॉट्सअॅप ग्रुप. परिपत्रकं, वाढदिवस आणि भूखंड विक्री एकाच ओळीत येतात, आणि अधिसूचनेऐवजी कुणीतरी फॉरवर्ड केलेला मजकूर फिरतो. तो प्रमाण धरून एका सभासदाने ई-इन्व्हॉइस ३० दिवसांनंतर टाकायला घेतलं आणि पोर्टलने नाकारलं. १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला ही ३० दिवसांची मुदत १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. ग्रुपवर आलेलं काहीही चेंबरच्या ईमेलवरून मागवून घेतल्याशिवाय त्यावर पाऊल उचलू नये.

वर्गणी पुन्हा भरली आहे, वार्षिकच. आजीव सभासदत्वाचा आग्रह झाला, तो टाळला: सीओओ बघणारा तो कर्मचारी निवृत्तीला आला आहे आणि त्याच्या जागी कोण येतो ते आधी बघायचं आहे.