कॅपिटास्प्रिंग, सिंगापूर: सतराव्या मजल्यावरची बाग

लेकीचं ऑफिस रॅफल्स प्लेसला, म्हणून जाणं झालं. इमारत २८० मीटर उंच, ५१ मजली. पण माझा पाय अडकला तो १७ ते २० मजल्यांमधल्या उघड्या बागेत. एसी नाही, तरी वारा अंगावर येतो. वळत वळत चढणारी वाट, ओल्या पानांचा वास. तिकीटही नाही!

त्याहून मोलाचं मला खालचं हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखालचे स्वस्त खाण्याचे गाळे, वाटलं. पूर्वी इथे गोल्डन शू हा बहुमजली वाहनतळ होता, त्यातच ते चालायचं. पाडापाडीनंतर नव्या इमारतीत त्याला पुन्हा जागा दिली, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. आमच्या पेठेतला वाडा पडला तेव्हा तळातला चहावाला परत आलाच नाही. आधी इथे कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्या, मग वर जा.