फिल्टर हलवून आठ महिने झाले: तक्रार एका बुचाची

अलिबागजवळ नागावला आमच्या घरामागे साधारण ३२,००० लिटरचा पोहण्याचा तलाव आहे. त्याला २४ इंची सँड फिल्टर (वाळूच्या थरातून पाणी गाळणारी टाकी) आणि एक अश्वशक्तीचा पंप, असा नेहमीचाच संच आहे. तलाव बांधणाऱ्याने हा संच तलावाच्या कडेला पाच फूट खोल खड्ड्यात बसवला होता. पंप पाण्याच्या पातळीखाली असल्याने त्याला आपोआप पाणी मिळे, ही त्या जागेची एकमेव चांगली बाजू. गेल्या वर्षी जुलैत त्या खड्ड्यात कमरेएवढे पाणी भरले आणि मोटार जळाली. रिवाइंडिंगला साडेतीन हजार रुपये मोजल्यावर, पुढच्या पावसाआधी सगळे वर आणायचे असे ठरवून फेब्रुवारीत स्वयंपाकघरामागे, तलावापासून आठ मीटरवर, चौथरा बांधून घेतला.

टाकीत पन्नास किलोच्या तीन गोण्यांची वाळू होती, ती पाण्याने भिजलेली, आणि वर उरलेले पाणी वेगळेच. ज्यांच्याकडून संच घेतला त्यांनी फोनवर चेनपुली लावून टाकी वाळूसकट उचलण्याचा सल्ला दिला. आमच्या मिस्त्रींनी टाकीची मान दाखवून विचारले, ‘‘साखळी अडकवायची कुठे?’’ फायबरच्या टाकीची मान एवढा भार घेण्यासाठी बनवलेलीच नसते, आणि आत तळाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या चिरा पाडलेल्या नळ्या, म्हणजे लॅटरल, वाळू हलली की मोडतात. तेव्हा आधी वाळू काढणे भाग होते.

येथे त्या बुचाची गोष्ट येते. टाकीच्या तळाशी पाणी आणि वाळू काढण्यासाठी बूच असते. आमच्या टाकीचे बूच भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून जेमतेम चार बोटांवर होते. पाना सोडाच, हातही आत जात नव्हता. शेवटी नळी टाकून वरचे पाणी ओढून काढले, टाकीच्या तोंडावरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाण्याची दिशा बदलणाऱ्या झडपेचा, क्लॅम्प सोडला (खाऱ्या वाऱ्याने त्याचा बोल्ट इतका गंजला होता की तो कापावा लागला) आणि वरच्या वीतभर तोंडातून वाळू उपसायला सुरुवात केली. सुताराकडून आणलेला व्हॅक्यूम दहा मिनिटांत तुंबला. मग एका गड्याने नारळाची करवंटी घेतली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून, मधली उभी नळी हलणार नाही अशा बेताने, एकेक करवंटी वाळू बाहेर काढली. दोन गड्यांचे दोन पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ त्यात गेली. एवढे जपूनही दोन लॅटरल मोडल्याच. रिकामी टाकी मात्र दोघांनी पाच मिनिटांत वर आणली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पुढची जोडणी व्यवस्थित झाली. जुन्या जोडणीत एकही युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारा जोड, नव्हते, त्यामुळे सगळे पाइप करवतीने कापावे लागले होते. या वेळी पंपाला दोन आणि फिल्टरला तीन युनियन बसवले. पैसे जिवावर आले, पण दिले. टाकी अर्धी पाण्याने भरून, उभ्या नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून वाळू सोडली, म्हणजे ती पाण्यातून हळू खाली बसते आणि लॅटरलवर आदळत नाही. वाळू मात्र जुनीच, धुऊन वापरली. तो काटकसरीचा निर्णय माझा होता.

मार्चमध्ये कोणी विचारले असते तर फिल्टर हलवणे चूक होती असे मी सांगितले असते. पंप आता पाण्याच्या पातळीपेक्षा वर असल्याने वीज गेली की पाणी तलावात परत जाई आणि पंप हवा धरी. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी परत जाऊ न देणारी झडप) बसवल्यावर तो त्रास बराच कमी झाला, तरी तलावात बुडबुडे येतच राहिले. पंधरा दिवसांनी कळले की पंपाच्या जाळीवरच्या झाकणाची रबरी कडी कोरडी पडली होती. सिलिकॉन ग्रीस लावताच बुडबुडे थांबले.

दाबाच्या काट्यानेही मला फसवले. खड्ड्यात असताना स्वच्छ वाळूवर काटा ०.९ बार दाखवी, वर आल्यावर तो ०.८ वर आला. फिल्टर सुधारला असे समजून मी आठवडाभर खूश होतो. प्लंबरने समजावले की टाकी सुमारे पावणेदोन मीटर वर आली म्हणून तेवढ्या उंचीचा दाब काट्यातून वजा झाला, आणि लांबलेल्या पाइपच्या घर्षणाने त्यातला थोडा भरून काढला. याचा अर्थ बॅकवॉशची, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुण्याची, जुनी खूणही निकामी झाली. आता ०.८ ही स्वच्छ वाळूची खूण धरून काटा त्याहून सुमारे ०.६ ने चढला की मी बॅकवॉश करतो.

मे महिन्यात पाणी गढूळच राहू लागले. पाच वर्षांच्या वाळूत तेलकट गोळे झाले होते, ते धुऊन गेले नव्हते. वाळू बदलणे आले. या वेळी बूच समोर होते. ते पूर्ण काढले, वरून बागेची नळी सोडली आणि वाळू आपणहून घमेल्यात वाहत आली. पाऊण तासात टाकी रिकामी झाली. त्या दिवशी टाकी बनवणाऱ्या कंपनीबद्दलचे माझे मत बदलले. बूच तिने दिले होते, ते भिंतीकडे फिरवले होते संच बसवणाऱ्याने. एक चतकोर फेरा दिला असता तर माझे अडीच दिवस वाचले असते. आता कोणाच्याही घरी फिल्टर दिसला की मी आधी मागे वाकून बूच पाहतो, आणि घरचे त्यावर हसतात.

जून ते सप्टेंबर जुना खड्डा तीनदा भरला, चौथरा कोरडा राहिला, मोटारीला काही झाले नाही. एकच काम उरले आहे. बॅकवॉशचे दर वेळचे सुमारे ५०० लिटर क्लोरीनचे पाणी सध्या थेट सुपारीच्या आळ्यात जाते आणि कडेच्या दोन झाडांची पाने पिवळी दिसू लागली आहेत. गटारापर्यंत सहा मीटर पाइप लागेल. प्लंबरने त्याचे चार हजार सांगितले आहेत आणि मी अजून घासाघीस करतो आहे.