.२२ मॅच ॲम्युनिशन: ५० मीटरसाठी कोणती गोळी घ्यावी आणि ती कशी पारखावी

टेनेक्स, म्हणजे एले कंपनीची महागडी मॅच गोळी, घेतली म्हणजे निम्मं काम झालं, असं रेंजवर सर्रास ऐकू येतं. झालेलं असतं एवढंच, की खिसा हलका झालेला असतो. मॅच (स्पर्धेच्या) दर्जाच्या सगळ्या .२२, म्हणजे ०.२२ इंची, गोळ्या माहितीपत्रकात जवळपास सारख्याच दिसतात: ४० ग्रेनचं, म्हणजे २.५९ ग्रॅमचं शिसं, त्यावर वंगणाचा पातळ थर, नळीतून सुटताना साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद वेग. त्यातली कुठली तुमच्या नळीला मानवेल हे डब्यावरच्या नावावरून कळत नाही, लॉटवरून, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेवरून, कळतं. म्हणून या परीक्षणात एले, लापुआ, आरडब्ल्यूएस आणि एसके या कंपन्यांच्या गोळ्यांची तुलना आहेच, पण जास्त जागा लॉट पारखण्याला दिली आहे.

आधी थोडं गणित करू, म्हणजे किती मिलिमीटरसाठी पैसे मोजायचे ते कळेल. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. गोळीची कड त्याला टेकली तरी दहा मिळतो, म्हणजे गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवं. दशांश गुणांत प्रत्येक ०.१ म्हणजे ०.८ मिलिमीटर. स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण करून कांस्य मिळवलं, ती सरासरी १०.२६ पडते. गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही पोझिशन धरून सरासरी गोळी मध्यापासून साडेपाच मिलिमीटरच्या आसपास! तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं पडून) ६०० पैकी ५९७ करून जगज्जेतेपद घेतलं. साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण. आता समजा शिकंज्यात घट्ट बसवलेल्या रायफलीतून तुमचा लॉट केंद्र ते केंद्र १६ मिलिमीटरचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) देतो. म्हणजे दहाचा सगळा वाव गोळीनंच खाल्ला, नेमबाजाच्या वाट्याला काही उरलं नाही. १२ मिलिमीटरचा लॉट असेल तर वाईटात वाईट गोळीलाही प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर हाती राहतात. चांगल्या आणि बऱ्या लॉटमधला फरक एवढाच असतो, आणि स्पर्धेत तेवढा पुरतो.

आता एकेक गोळी घेऊ. एलेची टेनेक्स इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ बनते. तिचं टोक सपाट असतं, इतरांसारखं गोल नाही. डबा उघडला की पन्नास काडतुसं ट्रेमध्ये उभी असतात आणि बोटाला वंगणाचा चिकटपणा जाणवतो. तो पुसून काढायचा नाही, बोटावर आला तर बोट पुसायचं. एलेच्या डब्यावर लॉट क्रमांकाबरोबर त्या लॉटचा वेगही फूट प्रति सेकंदात छापलेला असतो, ही मोठी सोय आहे. एखादी नळी ठरावीक वेगपट्ट्यातच खूश असते, हे दोन-तीन लॉट तपासल्यावर लक्षात येतं आणि पुढची निवड सोपी होते. टेनेक्सचा चांगला लॉट सापडला तर तिला तोड नाही. न जुळणारा लॉट मात्र निम्म्या किमतीच्या गोळीपेक्षा वाईट मारतो, आणि ते पचवणं जड जातं.

लापुआची .२२ गोळी जर्मनीत शॉनेबेकला होते. वरून खाली एक्स-ॲक्ट, मिडास प्लस, सेंटर-एक्स अशी उतरंड आहे. मिडास प्लस आणि सेंटर-एक्स मुळात एकाच घडणीच्या. तपासणीत जो लॉट सरस ठरतो त्याला वरचं नाव मिळतं. पण ती तपासणी कारखान्याच्या नळ्यांतून झालेली असते, तुमच्या नव्हे. त्यामुळे सेंटर-एक्सच्या एखाद्या लॉटनं एक्स-ॲक्टला मागे टाकलं तर नवल वाटू नये. पैशाच्या मोबदल्यात आमची पहिली पसंती सेंटर-एक्सलाच. आरडब्ल्यूएसची आर५० न्यूरेंबर्गजवळच्या फ्युर्टची. दर्जानं ती टेनेक्सच्या पंगतीतली, पण आपल्याकडे तिचे लॉट मोजकेच येतात, त्यामुळे निवडीला वाव कमी. सरावासाठी एसकेची रायफल मॅच किंवा स्टँडर्ड प्लस घ्यावी. तीही शॉनेबेकचीच, किंमत वरच्या गोळ्यांपेक्षा बरीच कमी, आणि ट्रिगर, श्वास, पोझिशन यांच्या कामाला पुरेशी. पुण्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची गोळी एनसीसीच्या फायरिंगमुळे अनेकांच्या हाताखालून गेली आहे. शिकायला ती ठीक, पण दशांश गुण मोजायच्या स्पर्धेत तिची तुलना करणं तिच्यावरच अन्याय आहे.

हाय-व्हेलॉसिटी गोळ्या मात्र दूरच ठेवा. जास्त वेग म्हणजे वाऱ्याचा त्रास कमी, हा समज .२२ला लागू पडत नाही. ध्वनीच्या वेगावरून खाली येताना हवेचा विरोध एकदम वाढलेला असतो, तिथे गोळी जास्त वेग गमावते आणि वारा तिला अधिक सरकवतो. दिल्लीत तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर हिवाळ्याच्या सकाळी ध्वनीचा वेग ३३५ मीटर प्रति सेकंदापर्यंत उतरतो. जलद लॉट असेल तर अधूनमधून एखादी गोळी वेगळ्याच कडक आवाजानं जाते, ती ध्वनीच्या पलीकडे गेलेली. अशा दिवशी हळू लॉट बरा.

लॉटचं एवढं महत्त्व का, तर .२२ रिमफायर आहे. स्फोटक मिश्रण काडतुसाच्या कडेत गोल फिरवून भरलेलं असतं. कुठे किंचित जास्त, कुठे कमी. सेंटरफायर (मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी असलेली) रायफलवाला घरी दारू तोलून, गोळी हव्या त्या खोलीवर बसवून काडतूस भरू शकतो. .२२मध्ये ती सोयच नाही, कारखान्यानं दिलं ते घ्यायचं. वेगातला फरक टार्गेटवर किती दिसतो? ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती सव्वाबारा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंद फरक पडला, तर उंचीत सात-साडेसात मिलिमीटरचा फरक. टार्गेटवरची एक रिंग ८ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ अख्खी रिंग गेली. १०० मीटरवर तोच फरक तीन सेंटिमीटरच्या वर जातो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पन्नास गोळ्यांचं प्रमाण विचलन २ ते ३ मीटर प्रति सेकंद आलं तर लॉट चांगला. पण निव्वळ क्रोनोग्राफवर निर्णय नको. सुटताना नळी कंप पावते, आणि काही नळ्यांत हळू गोळी तोंड किंचित वर असताना बाहेर पडते, मग वेगाचा फरक टार्गेटवर आपोआप भरून निघतो. शेवटचा शब्द ग्रुपचाच.

तपासणी अशी करा. शक्य असेल तर बॅरल (नळी) आणि ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) स्टॉकमधून, म्हणजे दस्त्यातून, काढून शिकंज्यात धरा. ते शक्य नसेल तर प्रोनमध्ये, पक्क्या रेस्टवर, जमेल तितक्या बिनवाऱ्याच्या वेळी. गोळीचा ब्रँड बदलला की वंगण बदलतं, म्हणून पहिल्या १५ ते २० गोळ्या मोजायच्या नाहीत. जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत ग्रुप फसवा येतो. मग दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप. पाच गोळ्यांचा ग्रुप पाहून लॉट ठरवू नका. पाच गोळ्यांत कुठलाही लॉट एखाद्या वेळी सुरेख दिसतो. चारही ग्रुप एकमेकांवर ठेवून चाळीस गोळ्यांचा मिळून घेर पाहा, आणि चारांची सरासरीही. मोजताना केंद्र ते केंद्र मोजा. बाहेरच्या कडांवरून मोजलं असेल तर ५.६ मिलिमीटर वजा करा, नाहीतर एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळणारच नाही. रेंजवरचे निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

ग्रुपचा आकारही वाचायला हवा. उभा पसरलेला ग्रुप म्हणजे वेग सारखा नाही. त्यात दोषी गोळीच असेल असं नाही. बोल्टमध्ये जुनं ग्रीस घट्ट झालं असेल, किंवा फायरिंग पिनची स्प्रिंग दमली असेल, तर ठोका अपुरा पडतो आणि उत्तम टेनेक्सही उभी पसरते. मारलेल्या काडतुसाच्या कडेवरचा ठसा बघा: खोल आणि दर वेळी सारखा हवा. ग्रुप तिरका, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असा पसरला असेल तर तो वारा आहे. उजव्या पिळाच्या नळीत (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात अशा) उजवीकडून येणारा वारा गोळीला डावीकडे आणि थोडं वर नेतो, डावीकडून येणारा उजवीकडे आणि खाली. घट्ट ग्रुपपासून लांब पडलेली एकटी गोळी चारही ग्रुप मिळून एकदाच आली तर सोडून द्या. प्रत्येक ग्रुपमध्ये तशी एक निघत असेल तर तो लॉट स्पर्धेसाठी बाद.

वाऱ्याचा आकडा पाठ असलेला बरा. एक मीटर प्रति सेकंद आडवा वारा ५० मीटरवर गोळीला सात ते आठ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक आणि एक रिंग यांत फार अंतर नाही. लॉटच्या शोधात हजारो रुपये घालून वारा दाखवणाऱ्या फ्लॅगकडे न बघणारे नेमबाज दोन मिलिमीटर वाचवतात आणि आठ घालवतात.

रायफलीकडून दोनच गोष्टी मुख्यतः बिघडतात. पहिली, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे जमणारं कार्बनचं कडं. ते वाढलं की गोळी नळीत शिरतानाच खरवडते आणि चांगला लॉट अचानक बिघडल्यासारखा वाटतो. सफाई नेहमी बोल्टच्या बाजूनं, रॉड गाईड लावून करा; तोंडाकडून रॉड घातला तर क्राऊन (नळीच्या तोंडाची कड) खराब होतो आणि त्याला गोळीचा उपाय नाही. दुसरी, ॲक्शनचे स्क्रू. टॉर्क रेंचनं निर्मात्यानं सांगितलेल्या मर्यादेतच आवळा, अर्ध्या न्यूटन-मीटरनं वरखाली करून ग्रुप पाहा आणि ठरलेला आकडा वहीत लिहा. हाताच्या अंदाजानं आवळलेला स्क्रू प्रवासात सैल होतो. ट्यूनर (नळीचा कंप जुळवायला तोंडाशी लावायचं फिरतं वजन) लावायचा तर तो सर्वात शेवटी; लॉट ठरल्याशिवाय ट्यूनर फिरवणं म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलणं.

साठवणुकीचं आपल्याकडे फारसं मनावर घेतलं जात नाही. मे महिन्यात पुण्यातल्या बालेवाडी रेंजच्या पार्किंगमध्ये डिकीत ठेवलेल्या डब्यांतलं वंगण मऊ होऊन गोळीवरून ओघळतं आणि धूळ पकडते ती वेगळीच. ती धूळ नळीतून जाते. डबे बॅगेत, सावलीत ठेवा आणि फायरिंग पॉइंटवर ट्रे उन्हात उघडा टाकू नका. थंडीत उलट होतं, वंगण कडक होऊन ग्रुप फुगतो. त्यामुळे जानेवारीत तपासलेला लॉट एप्रिलमध्ये पुन्हा एकदा पाहून घ्यावा.

खरेदीत मोठी अडचण एकच: आपल्या हातात लॉट क्वचितच असतो. वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात आणि तिथेच डझनभर लॉट तपासून हवा तो बाजूला काढतात. बाकीच्यांना आयात होऊन येईल ते घ्यावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे क्लबमार्फत ऑर्डर देताना वेगवेगळ्या लॉटचे डबे मागवणं, प्रत्येकाची तपासणी करणं, आणि जुळला तो लॉट लगेच ५००च्या ब्रिकमध्ये जमेल तितका उचलणं. पुढच्या महिन्यात त्याच नावाचा दुसराच लॉट कपाटात येतो. सगळी नोंद आपापल्या लायसन्सवर व्हायला हवी, एकमेकांत डब्यांची अदलाबदल नको. आणि जुळलेल्या लॉटच्या शेवटच्या हजार गोळ्या उरल्या की नव्याची तपासणी सुरू करा, म्हणजे जुना लॉट हाताशी असताना दोन्ही एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात ताडून पाहता येतात.